पाळक, वडील आणि पुस्तकविक्रेता

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास सांगताना मंडळीच्या पाळकाला केंद्रस्थानी बसविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. नावापूर्वी 'रेव्हरंड' ही उपाधी असली की तो लेखक इतिहासात सहज प्रवेश करतो. ती नसली की त्याची गणना 'इतरांत' होते. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे, असे मला वाटते. त्यासाठी, ज्या पंथाने आपल्या आरंभीच्या काळात स्थायिक पाळकाविनाच संसार केला, त्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाकडे प्रथम वळणे उपयुक्त ठरेल.

या पंथाचा उगम अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या चळवळीत आहे. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताचे पुनरागमन होईल ही तिची अपेक्षा फोल ठरली आणि अनुयायी विखुरले. त्यांतील काहींना जेम्स व्हाइट, एलेन व्हाइट आणि एके काळचे जहाजाचे कप्तान जोसेफ बेट्स यांनी एकत्र आणले. १८६३च्या मे महिन्यात बॅटल क्रीक येथे त्यांची सर्वसाधारण परिषद स्थापन झाली, तेव्हा सुमारे १२५ मंडळ्या आणि ३,५०० सभासद होते. म्हणजे मंडळीमागे सरासरी अठ्ठावीस माणसे. एवढ्या लहान मंडळीला स्वतंत्र पाळक परवडणे कठीण होते हे खरे. परंतु प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. दीक्षित उपदेशकाने नव्या गावी जावे आणि जुन्या मंडळीचा कारभार तिने निवडलेल्या वडिलांनी व सेवकांनी पाहावा, अशी ती व्यवस्थाच होती. १८५९पासूनची नियमित वर्गणी आणि पुढे दशमांश यांतून उपदेशकाचा चरितार्थ चाले. तो पैसा सामाईक निधीत जमा होत असल्याने कोणतीही एक मंडळी त्याची धनी नसे. १९१२ सालीही पंथाचे तत्कालीन अध्यक्ष ए. जी. डॅनियल्स यांनी उपदेशकांना मंडळ्यांवर स्थायिक करण्याविरुद्ध इशारा दिला होता. पुढे तो फारसा मानला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

पाळक नसताना या विखुरलेल्या मंडळ्या एकत्र कशा राहिल्या? याचे एक महत्त्वाचे उत्तर वाङ्मयीन आहे. त्यांना बांधून ठेवणाऱ्या सूत्रांत १८५०मध्ये सुरू झालेले 'रिव्ह्यू अँड हेरल्ड' हे पत्र प्रमुख होते. भारतातही हा पंथ प्रथम पुस्तकाच्या वाटेनेच आला. १८९३मध्ये मद्रासला उतरलेले त्याचे पहिले दोन प्रतिनिधी पुस्तकविक्रेते होते; १८९५मध्ये कलकत्त्यास आलेल्या जॉर्जिया बरस याही दीक्षित पाळक नव्हत्या. या पंथाचे भारतातील मुद्रणालय कलकत्ता व लखनौ असा प्रवास करून १९२४मध्ये पुण्यात स्थिरावले. मराठी मुलखाशी आलेला त्याचा हा संबंध छापखान्याचा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता अहमदनगरकडे (आजच्या अहिल्यानगरकडे) पाहू. अमेरिकन मराठी मिशनने १८५४मध्ये तेथे हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली. देशी मंडळी देशी पाळकाच्या हाती सोपवावी आणि तिने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा रुफस अँडरसन यांचा विचार त्यामागे होता. जी स्थायिक पाळकवृत्ती ॲडव्हेंटिस्टांनी टाळली, तीच नगरमध्ये परकीय मिशनऱ्यांच्या छत्राखालून बाहेर पडण्याची पहिली पायरी होती. एकाच पदाला दोन देशांत असे दोन अर्थ लाभले. मात्र वेतनाचा धागा मिशनच्या हाती राहिला, तोवर ते स्वातंत्र्य अपुरेच होते. १९०४मध्ये दीक्षा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, तो ही उणीव जाणूनच, असे मी मानतो.

टिळकांचा हा निर्णय आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. वारकऱ्यांच्या गावात वेतनी धर्माधिकारी नसतो. कीर्तनकार येतो, दोन दिवस राहतो, पुढच्या गावी जातो. वीणा आणि एकादशी सांभाळते ते गावातले भजनी मंडळ. फिरता उपदेशक आणि स्थानिक वडील ही ॲडव्हेंटिस्टांची जोडी मराठी माणसाला परकी वाटू नये. आपल्या भाषेतील शब्दही येथे बोलके आहेत. 'पाळक' म्हटले की समोर कळप येतो. 'वडील' म्हटले की घर येते.

वाङ्मयाचा पुरावा काय सांगतो? 'यमुनापर्यटन' १८५७मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा बाबा पदमनजी पाळक नव्हते. दीक्षा पुढे मिळाली. मूळ भाषांवरून अख्खे बायबल मराठीत आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केडगावी केले. त्यांना कोणत्याही मंडळीने पाळकपद दिले नव्हते. १९३४पासून भागशः प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' लक्ष्मीबाई टिळकांची; पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पूर्ण केले. मराठी ख्रिस्ती गद्याची ही शिखरे व्यासपीठाच्या खाली उभी आहेत.

यावर कोणी म्हणेल की लक्ष्मीबाईंचे घर पाळकाचेच होते आणि १८४२पासूनच्या 'ज्ञानोदया'ला पाळकांचाच आधार होता. हा आक्षेप मोलाचा आहे. पाळकाच्या घराने शिक्षण दिले, नोंदवह्या राखल्या, वाचक घडविले. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु आश्रय देणे आणि निर्मिती करणे या दोन गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच स्त्रिया, वडील, भजन रचणारे आणि खांद्यावर पुस्तकांची झोळी घेऊन हिंडणारे विक्रेते आपल्या इतिहासाबाहेर राहिले.

मी ज्या जबलपुरात, गोहलपुरात बसून हे लिहितो आहे, तेथेच पाळक घडविणारे लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. अशा संस्थांतून दीक्षितांची नावे आणि साले सुरक्षित राहतात, आणि अभ्यासक स्वाभाविकच तेथून आरंभ करतो. तेथेच थांबू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्या मंडळीत पाळक महिनोन्‌महिने फिरकत नसे, तेथे रविवारी वा शनिवारी कोणी काय वाचले, कोणते गाणे कोणत्या चालीवर म्हटले, कोणते पुस्तक किती हातांतून गेले, हे विचारणारे संशोधन आता व्हावयास हवे. घराघरांतील भजनांच्या वह्या जीर्ण होत आहेत आणि त्या चाली कानांनी ऐकलेली पिढी थकली आहे. हे काम आपल्या सवडीची वाट पाहणारे नाही.