डबे चार, नेट गायब!

क्लायंट कॉल रंगात आलेला असतो, तुमची स्क्रीन शेअर झालेली असते आणि नेमकं तेव्हाच तुमचं तोंड अर्धवट उघडं ठेवून चित्र गोठतं. वायफायच्या काड्या बघाव्यात तर पूर्ण भरलेल्या. मग पुढचा सीन ठरलेला. राऊटर बंद-चालू करा, कस्टमर केअरच्या बाईशी (म्हणजे रेकॉर्डिंगशी) भांडा, वरचा प्लॅन घ्या, आणि तरीही जमलं नाही तर सेलमध्ये मेशचा सेट उचला. दोन-तीन देखणे पांढरे डबे, घरभर एकच नाव, एकच पासवर्ड. फंडा सोपा वाटतो. डबे वाढले की नेट वाढणार.

नाही वाढत, दोस्तहो. मेश नेट तयार करत नाही, फक्त वाटतो. आणि वाढप्यांची संख्या वाढवून पातेल्यातला भात वाढत नाही, हे कुठल्याही पंगतीत बसलेल्या माणसाला माहीत असतं.

या वेळची केस पुण्यातल्या टॉवरमधली नाही, थेट गोंडपिपरीची आहे. ज्यांचा भूगोल नागपूरच्या संत्र्यांपाशी संपतो त्यांच्यासाठी सांगतो : चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत पन्नासेक किलोमीटर गेलं की हे तालुक्याचं गाव लागतं. तालुक्याच्या एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला वैनगंगा, मधे सागवानाचं जंगल. पुढे आष्टीचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. तिथे माझ्या काकांचं घर आहे. रस्त्यालगत दादाचं कृषी केंद्र, त्यामागे मातीच्या हातभर जाड भिंतींचं जुनं घर, मग अंगण, आणि अंगणापलीकडे सांदवाडीत टिनाच्या छताची नवी खोली. ही खोली म्हणजे वहिनीचं ऑफिस.

वहिनी नागपूरच्या एका कंपनीसाठी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं तपासते. शिफ्ट दुपारी सुरू, रात्री संपते. २०२१ पासून हे काम ती घरूनच करते, आणि घरातला महिन्याच्या महिन्याला येणारा एकमेव पगार हाच. दुकानाचं उत्पन्न पावसावर. या एप्रिलमध्ये तिचे कॉल दिवसातून तीन-चारदा तुटायला लागले. मॅनेजरची मेल आली : मेअखेरपर्यंत कनेक्शन स्थिर करा, नाहीतर जूनपासून नागपूरच्या ऑफिसात बसा. नागपूर म्हणजे दोनशे किलोमीटर. घरात दोन शाळकरी मुलं आणि गुडघ्यांनी अडलेल्या काकू. थोडक्यात, नोकरी सोडा असंच म्हणणं होतं, फक्त भाषा एचआरची.

मी पोचलो तोवर सगळे नेहमीचे उपाय करून झाले होते. प्लॅन ५० एमबीपीएसवरून १५० वर गेला होता. तीन डब्यांच्या मेशला दादाने चौथा जोडला होता. वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, नेटवाल्याले चारदा बोलावलं. तो दुकानात येते, मोबाइलवर स्पीड दाखवते, अन् म्हणते आमच्याकून सारं बरोबर आहे.’

गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता!

नेट अडलं की आधी एकच प्रश्न सोडवायचा : बिघाड घराच्या आत आहे की बाहेर? यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडा आणि मेन राऊटरला पिंग करत राहा. त्याचा पत्ता बहुतेकदा राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. शेजारी दुसरी खिडकी उघडा आणि बाहेरच्या एखाद्या मोठ्या साइटला पिंग करा. दोन्ही अर्धा तास चालू द्या. राऊटरचं उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं मात्र अडखळतंय, तर दोष लाइनीचा, खुशाल फोन करून भांडा. पण राऊटरपर्यंत पोचतानाच आकडा चारवरून नऊशेवर उडत असेल, मधेच उत्तरच येत नसेल, तर दोष घरातला. प्लॅन कितीही वरचा घ्या, ढिम्म फरक पडणार नाही.

वहिनीच्या खोलीतून राऊटर गाठताना आकडे असे उड्या मारत होते, की विचारू नका. त्याच वेळी दुकानातून बाहेरचं पिंग एकदम शांत. म्हणजे रस्त्यापर्यंत सगळं झकास, आणि रस्त्यापासून सांदवाडीपर्यंतच्या वीस-बावीस मीटरमध्ये सगळा घोळ.

आता डब्यांची साखळी बघा. पहिला दुकानात, दुसरा माजघरात फ्रिजवर, तिसरा अंगणाकडच्या खिडकीत, चौथा वहिनीच्या खोलीत. अॅपमध्ये चारही हिरवे. (अॅपमधला हिरवा ठिपका डबा जिवंत आहे एवढंच सांगतो, धडधाकट आहे असं नाही.) विहिरीवरून घागरी हातोहात पोचवाव्यात तसा डेटा एका डब्याकडून दुसऱ्याकडे जात होता. पण इथे प्रत्येक माणसाला एकच हात. आधी घागर घ्यायची, मगच पुढे द्यायची. बाजारातल्या स्वस्त मेश सेटमध्ये आपसात बोलायला वेगळा रेडिओ नसतो. ज्या चॅनेलवर ऐकायचं त्याच चॅनेलवर पुढे सांगायचं. अशा प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. दुकानातले १५० तिसऱ्या टप्प्यावर वीसच्या आत आले ते असे. खरं तर व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएससुद्धा पुरतात. कॉल वेगाअभावी मरत नाही, पॅकेट वेळेवर न पोचल्याने मरतो. चौथ्या डब्याने काड्या पूर्ण भरल्या आणि रांगेत आणखी एक माणूस उभा केला, बस्स.

मेश ही कल्पना टाकाऊ आहे असं मात्र मुळीच नाही. भारत सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला खुला केला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत हिमाचलातल्या धर्मशाळेत डोंगरभर वायरलेस मेश उभं राहिलं. तिथे डोंगर होते, दऱ्या होत्या, वायर ओढायला जागा नव्हती. घरातला मेश हा त्याच घराण्यातला. पण तुमच्या हॉल आणि बेडरूमच्या मधे दरी नसते ना!

परत गोंडपिपरी. एक गोष्ट जुळत नव्हती. डबे तेच, भिंती त्याच. मग जानेवारीत सगळं नीट कसं चालायचं? उत्तर दिलं ते काकूंनी, पलंगावर बसल्या बसल्या. ‘होळी झाली, कूलर उतरवला, तवापासून बिघडलं पाय. म्या सांगतलं, पण माह्यं आयकते कोन?’

सॉलिड! चंद्रपूर जिल्ह्यातला उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या पुढे, आणि कूलर म्हणजे आपला नाजूक प्लास्टिकचा नव्हे. पत्र्याचा चांगला कपाटाएवढा खोका, तिन्ही बाजूंना ओल्या गवताच्या जाळ्या, तळाशी पाण्याची टाकी. हा खोका अंगणाकडच्या खिडकीला बाहेरून लागला होता, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या डब्याच्या बरोबर मधे. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. वायफायसाठी याहून चांगलं कुंपण ठरवून बांधता आलं नसतं. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक, पाण्याची टाकी हे सगळे याच जातीचे. तुमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या मागे लपवलेला राऊटर आठवला का?

यावर कडी म्हणजे वीज. मेशच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डबा किती वेळ सलग चालू आहे ते दिसतं. हा आकडा कुणी बघत नाही, पण फार बोलका असतो. दुकानातला डबा अकरा दिवस चालू होता. खिडकीतला फक्त चौदा मिनिटं. कारण तो आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. कूलर सुरू करताना मोटर जोरात करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, आणि बिचारा डबा रीस्टार्ट होतो. तो उठून साखळीत परत जोडला जाईपर्यंत दोन मिनिटं वहिनी कॉलमधून गायब. वीज दर थोड्या वेळाने जाणार-येणार, मग दिवसातून तीन-चार वेळा हे आलंच.

चौथ्या डब्याची आणखी वेगळीच कथा. तो टिनाच्या छताखाली, उंच फळीवर होता. ‘उंचावर ठेवा’ हा सल्ला एरवी बरोबर आहे. पण घरगुती राऊटर सहसा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात, आणि मे महिन्यात दुपारी तीनला टिनाखाली ४० अंश ही चैन आहे. हात लावला तर पोळत होता. तापलेला डबा वेग कमी करतो किंवा सरळ मान टाकतो.

उपाय काय केला? एक वायर ओढली. दुकानातल्या पहिल्या डब्यापासून वहिनीच्या खोलीपर्यंत कॅट सिक्स केबल, बाहेर वापरायची, जाड आवरणाची, पीव्हीसी पाइपात घालून वळचणीखालून. पाइप नसता तर उन्हाने आवरण दोन-तीन वर्षांत तडकलं असतं. केबलची मर्यादा १०० मीटर, आपलं काम तीस मीटरमध्ये झालं. गावातल्याच इलेक्ट्रिशियनने अर्ध्या दिवसात केलं. केबल, पाइप, मजुरी सगळं मिळून दोन हजारांच्या आत. वहिनीच्या खोलीतला डबा आता थेट वायरीवर, टेबलावर, भिंतीपासून सुटा. तिचा लॅपटॉपही त्याच डब्याला वायरने जोडला, कारण पगार ज्या यंत्रावर अवलंबून आहे त्याला हवेच्या भरवशावर सोडायचं कशाला? खिडकीतला डबा काढून टाकला. चारचे तीन झाले आणि नेट सुधारलं.

दोन बारीकसारीक कामंही उरकली. नेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय मेशच्याच नावाने चालू होतं. दादाचा मोबाइल अंगणात आला तरी त्यालाच चिकटून राहायचा. ते बंद केलं. शिवाय फायबरचा डबाही राऊटर आणि मेशही राऊटर, असे दोन कारभारी झाले होते. मेशला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकून एकाला रजा दिली. वीज जाते म्हणून दोन्ही टोकांना बारा व्होल्टचे छोटे यूपीएस बसवले. इथे लोक हमखास फसतात : बॅकअप राऊटरला देतात आणि फायबरच्या डब्याला विसरतात. मग वायफाय दिसतं, नेट नसतं. अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवूनच घ्या.

वाकड, ठाणे, हिंजवडीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तुमचा शत्रू कूलर नाही, शेजारी आहे. गोंडपिपरीत स्कॅन केलं तर शेजाऱ्यांची जेमतेम तीन-चार वायफाय दिसली. तुमच्या दहाव्या मजल्यावर तीस दिसतील. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यावर सगळी सोसायटी तुटून पडलेली. त्यामुळे कामाचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. तो भिंतीत लवकर दमतो, पण म्हणूनच शेजाऱ्याचाही तुमच्यापर्यंत पोचत नाही. मेश डब्यांमधला सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास हवा. उणे ७५ दाखवत असेल तर डबा जवळ आणा, नवा विकत घेऊ नका. आणि टू बीएचकेमध्ये तीन डबे? हौसेला मोल नसतं हे मान्य, पण तिसरा कुणाला तरी देऊन टाका. लॅपटॉप तिन्हींच्या मधे लोंबकळत राहतो आणि नेमका लांबच्याला धरून बसतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वहिनीची दीड तासाची रिव्ह्यू मीटिंग झाली. कॅमेरा पूर्ण वेळ चालू, कूलरही पूर्ण वेळ चालू. जूनच्या मेलबद्दल मॅनेजर म्हणाला, तीन महिने बघू. म्हणजे टांगती तलवार आहेच, फक्त थोडी वर गेलीय. आता भीती मृगाच्या विजांची. अंगणातून गेलेली तांब्याची वायर विजेला आवडते. दिवाळीत दादा ती काढून त्याच पाइपातून फायबर टाकणार आहे. तोवर आभाळ गडगडलं की दोन्ही टोकांची केबल आणि प्लग उपटायचे, हे काम मुलांनी स्वतःहून मागून घेतलंय. वहिनीची अट एकच : आधी तिला विचारायचं, कॉल चालू आहे का.