अर्ज धाडण्यापूर्वीं

गेल्या वर्षीं जून महिन्यांत आमच्या भाचीनें एका शिष्यवृत्तीसाठीं संगणकावरून अर्ज केला. मुदतीचा शेवटचा दिवस. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. विसांवर रकाने भरून तिनें बटण दाबलें. चक्र बराच वेळ फिरत राहिलें, आणि ‘पिन कोड अपुरा आहे’ एवढ्या एका ओळीसह तोच अर्ज परत आला, पण कोरा! एक आंकडा लिहावयाचा राहिला म्हणून जन्मतारखेपासून बँकेच्या खात्यापर्यंत सारें पुनः लिहिणें आलें. तें पुरें होईतों बारा वाजून गेले होते. मुलगी रडली नाहीं, “मामा, हें आधींच नसतें का हो सांगतां आलें?” एवढेंच तिनें विचारलें.

सांगतां आलें असतें. ज्या घरांत मुलें असे अर्ज भरतात (आणि आतां कोणत्या घरांत भरीत नाहींत?) तेथील वाचकांसाठीं या वेळचें हें टिपण.

पडद्यावरील अर्ज दोन ठिकाणीं तपासतां येतो : आपल्याच यंत्रांतील ब्राउझरमध्यें, किंवा दूरच्या कचेरीच्या सर्व्हरवर. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट ही भाषा प्रथम रचली. टेलिफोनच्या तारेवरून माहिती रखडत जाण्याचा तो काळ. तेव्हां अर्ज घरच्या घरीं तपासून मगच धाडणें हा त्या भाषेच्या आरंभींच्या उपयोगांपैकीं एक होता. २०१४ सालीं प्रमाण ठरलेल्या एचटीएमएलच्या पांचव्या आवृत्तीनें तर हें काम ब्राउझरच्याच अंगावर टाकलें. रकान्याच्या वर्णनांत ‘रिक्वायर्ड’ एवढा शब्द घातला कीं तो रिकामा ठेवून अर्ज पुढें सरकत नाहीं. ‘पॅटर्न’ म्हणून नमुना दिला कीं त्यांत न बसणारा मजकूर अडविला जातो. पिन कोडाचा नमुना सोपा : सहा आंकडे, पहिला शून्य नव्हे. (ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत काव्य करणारे आपले मराठी गृहस्थ, हें आमच्या मुलांना सहसा ठाऊक नसतें.) आधार क्रमांकाची गोष्ट याहून गमतीची. त्याच्या बारा आंकड्यांपैकीं शेवटचा हा आधींच्या अकरांवरून फेरहूफ यांच्या गणिती रीतीनें काढलेला असतो. त्यामुळें एखादा आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर कचेरीस न विचारतां घरबसल्या तें कळतें.

बटण दाबल्यावरचा क्रमहि ध्यानांत घेण्याजोगा आहे. प्रथम बटणाची ‘क्लिक’, मग ब्राउझरची तपासणी, आणि ती उतरली तरच ‘सबमिट’. रचनाकारानें आपली जादा तपासणी या शेवटच्या पायरीला जोडावी व दोष दिसतांच पाठवणी रोखावी. पुष्कळ जण मात्र आज्ञावलींतून थेट ‘सबमिट’ ही आज्ञा सोडतात; त्या वाटेनें ब्राउझर कांहींच तपासीत नाहीं, आणि देवडीवरच्या पहारेकऱ्यास वळसा घालून अर्ज निघून जातो! ‘रिक्वेस्ट सबमिट’ ही आज्ञा योजिली तर पहारा शाबूत राहतो.

पहारेकरी फाजील कडक असला म्हणजे निराळाच घोळ होतो. माझ्या आत्याबाईंनीं मोबाइलवर पिन कोड देवनागरी आंकड्यांत लिहिला. उत्तर आलें, ‘फक्त आंकडेच लिहावे.’ “मग मी काय बाराखडी लिहिली?” त्या म्हणाल्या. जावास्क्रिप्टच्या नमुन्यांतील अंकाचें चिन्ह इंग्रजी वळणाचे दहाच अंक ओळखतें. तपासण्यापूर्वीं देवनागरी अंक त्या वळणांत पालटून घ्यावयाचे, हें दोन ओळींचें काम. पण तें कोणास सुचावें लागतें. वडिलांच्या नांवाचा रकाना सक्तीचा ठेवणारांना आईनेंच वाढविलेलीं मुलें आठवत नाहींत, तशांतलाच हा प्रकार.

इतकें करूनहि सर्व्हरवरची तपासणी टळत नाहीं. ब्राउझर आपल्या हातांतला. ज्याला लबाडी करावयाची तो त्यांतील जावास्क्रिप्ट बंद करील, किंवा ब्राउझरवांचूनच मजकूर धाडील. घरची तपासणी भरणाराच्या सोयीसाठीं, कचेरीची तिच्या स्वतःच्या रक्षणासाठीं. भाचीच्या अर्जांत पहिली नव्हती, आणि दुसरीनें तिचें सारें लिहिलेलें पुसून टाकलें.

यंदा तिनें दुसऱ्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरला; मुदतीच्या आठ दिवस आधीं. पत्त्यापर्यंत आल्यावर पिन कोडांतला एक आंकडा तिनें मुद्दाम गाळला व बटण दाबलें. तत्क्षणीं त्या रकान्याखालीं सूचना उमटली; वरचें नांव, जन्मतारीख, सारें जागच्या जागीं होतें. मग तिनें खुर्ची पुढें ओढली आणि राहिलेला आंकडा लिहिला.