झाडांची विचारपूस थंडीतच व्हावी

नागपूरकरांना झाड आठवते ते मे महिन्यात. पारा 45 अंशांपुढे गेला की गाडी उभी करायलाही सावली शोधावी लागते आणि वृक्षतोडीवर तावातावाने चर्चा होते. थंडीत ऊन हवेसे वाटते, त्यामुळे झाडाकडे कोणाचे लक्ष नसते. शहरात 3.5 अंश नोंदवले गेले त्या 29 डिसेंबर 2018 रोजी सावलीची उणीव कोणाला भासली असणार? तरीही झाडांची खबर घेण्याचा खरा हंगाम हिवाळाच आहे. झाडही ऋतूंची नोंद ठेवते: नागपुरातल्याच लकडगंजच्या आरामशीनवर चिरलेला सागाचा ओंडका पाहा. पावसाळ्यात साग वाढतो. पुढे कोरड्या महिन्यांत पाने गाळून थांबतो. वर्षागणिक पडणारे कडे या वाढण्या-थांबण्यातूनच उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने अशा कड्यांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास केला आहे. चिरलेल्या लाकडाची पारख पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या या वस्तीत, दुकानासमोरच्या जिवंत झाडाची पारख मात्र कोणी करत नाही.

झाडे पावसाळ्यात लावतात, मग हिवाळ्यात काय पाहायचे, असे कोणी म्हणेल. लावावीत पावसाळ्यातच; पण जुलैतले रोप जगणार की नाही, हे डिसेंबर-जानेवारीत कळू लागते. जमिनीतली ओल तेव्हा उतरू लागते. आळे बुजले आहे का, खोडाला काँक्रीटचा फास बसला आहे का, हे तेव्हा दिसले तर उपाय करता येतो. एप्रिलमध्ये दिसले तर उशीर झालेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निष्पर्ण झाड ओळखायचे कसे? सावरीचे खोडावरचे काटे, पळसाचे वाकडेतिकडे खोड थोड्या सरावाने ओळखता येते. शिवाय हीच ओळख नसल्याने पाने गाळलेले झाड ‘वाळले’ म्हणून तोडले जाण्याचा धोका असतो. कोवळ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडली आणि आत हिरवे दिसले, तर ती फांदी जिवंत आहे.

महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक आहे. गणनेचा आकडा पाच वर्षांनी येईल. मधल्या प्रत्येक हिवाळ्यात महापालिकेने प्रभागनिहाय पाहणी करावी आणि रहिवाशांनी आपल्या गल्लीतली झाडे मोजून त्या पाहणीशी ताडून पाहावीत. मे महिन्यातली सावली हवी असेल, तर तिची काळजी जानेवारीतच घ्यावी लागेल.