घसारा

‘अहो, ही पद्मिनी आता भंगारात द्या!’ देहूत आमच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण हा सल्ला फुकट देतो. वीस वर्षे बँकेत काढल्यामुळे फुकट गोष्टीचा मला संशय येतो. घसारा लावला तर वडिलांच्या या प्रीमियर पद्मिनीची पुस्तकी किंमत केव्हाच एक रुपया झाली, मान्य. पण स्टिअरिंगजवळचा गिअर अजून बिनतक्रार पडतो आणि 1089 सीसीचे इंजिन सकाळी दोन शिव्यांत सुरू होते. तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी इंद्रायणीतून वर आली. आमची गाडी गॅरेजातून यायला तेरा आठवडे लागतात, पण येते!

सरकारचे निराळेच. नोंदणीच्या नूतनीकरणाला पूर्वी 600 रुपये पडत. 2022 साली 5,000 झाले, 2025 साली वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000! धूर तपासा, ब्रेक तपासा. नापास झाली तर मीच ढकलत भंगारात नेतो. पण पास झालेलीला वयाचा दंड कशापायी? या न्यायाने उद्या पेन्शनरांकडून हयातीच्या दाखल्याला दहा हजार मागाल!

वडील गेले. सीटला अजून त्यांच्या तपकिरीचा वास येतो. त्यावर घसारा कुठल्या दराने लावायचा, तेवढे सांगा.