अंदमानची बॅग आणि पहिली दुपार

दिवाळी आटोपून फराळाचे डबे तळाला लागले, की सहलीला निघणाऱ्या भगिनींची पत्रं सुरू होतात. यंदा त्यांतली पाच-सहा तर एकट्या अंदमानबद्दलच आहेत. सगळ्यांना सामानाची यादी हवी आहे. यादीकडे वळतेच, पण त्या पत्रांमध्ये एक पत्र वेगळं आहे. या भगिनी गेल्या वर्षीच अंदमानला जाऊन आल्या. त्या लिहितात, की चारचौघींसारखा खर्च केला, पाच दिवस राहिलो, सगळ्यांचे फोटोही छान आले. पण समुद्र म्हणाल तर आपण तो बराचसा बाल्कनीत ओले कपडे वाळत घालताना पाहिला. पत्रात तक्रारीचा सूर नाही. सहज लिहून गेल्या आहेत. म्हणूनच ते माझ्या मनात राहिलं.

आधी घड्याळाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच अडतं. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, पार ब्रह्मदेशाच्या खाली आहे. पण घड्याळ मात्र आपलंच चालतं. त्यामुळे डिसेंबरात मुंबईला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे पाचलाच समुद्रात बुडतो. पहाटे साडेपाचला मात्र लख्ख उजाडलेलं असतं. आता आपला प्रवास पाहा. महाराष्ट्रातून निघालेली मंडळी बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलतात. रात्रभर जागरण होतं आणि दुपारच्या सुमाराला पोर्ट ब्लेअर येतं. (२०२४ साली त्याचं नाव श्री विजयपुरम झालं, पण रिक्षावाल्याला अजून जुनं नाव पुरतं.) हॉटेल, जेवण होईपर्यंत दोन वाजतात. म्हणजे उजेडाचे तीन तास उरले.

आणि या तीन तासांत आपण काय करतो? खोलीचं दार उघडताच पर्स खुर्चीवर ठेवायची आणि पदर खोचायचा! गादीचा कोपरा उचलून पाहायचा. चादर झटकायची, किंवा त्यावर घरची चादर घालायची. नळाला गरम पाणी येतं का, बादली-तांब्या आहे का, कडी नीट लागते का, ते बघायचं. चारही बॅगा पलंगावर उघडायच्या. यांचे शर्ट हँगरला, मुलांचे कपडे एका कप्प्यात, औषधं टेबलावर, छोटी तसबीर आरशापाशी, चिवड्याचा डबा मुंग्या लागणार नाहीत अशा जागी. खिडकीला दोरी. मग सासूबाईंना फोन, की पोचलो हो सुखरूप. तोवर बाकीची मंडळी ‘आई, माझी चड्डी कुठाय’ विचारून विचारून शेवटी टीव्ही लावून बसलेली असतात.

या सवयीला मी हसत नाही. परक्या खोलीत चार आपल्या वस्तू मांडल्या, की तीच खोली घरची होते, आणि ते झाल्याशिवाय आपल्याला पोचल्यासारखं वाटत नाही. पाहुण्याकडे गेलो तरी आपण आधी स्वयंपाकघरात डोकावतोच की! माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं अंधार पडल्यावर करा. तिथे साडेपाचला दिवे लागतात; जेवायला आठ वाजतात. खोली मांडायला भरपूर वेळ मिळतो. उजेड मात्र परत मिळत नाही.

त्यासाठी तयारी घरीच करावी लागते. पहिल्या दुपारची एक वेगळी पिशवी भरा. साधी खांद्याला लावायची कापडी पिशवी चालेल. त्यात प्रत्येकाचा एकेक सुती जोड, एक पातळ पंचा (जाड टर्किश टॉवेल दमट हवेत दिवसभर वाळत नाही), रबरी चपला, टोपी, उन्हाचं मलम, पाण्याची बाटली, कंगवा, साबणाची वडी, आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. ही पिशवी विमानात हातात ठेवायची. खोलीत गेल्यावर फक्त हीच उघडायची. मोठ्या बॅगांना कुलूपच राहू द्या. हात-तोंड धुऊन, कपडे बदलून अर्ध्या तासात सगळे दाराबाहेर.

बऱ्याच सहलींत पहिल्याच दुपारी सेल्युलर जेल असतो. तिथे पायऱ्या आहेत, लांब ओवऱ्या आहेत, आणि दुपारी दगड तापलेला असतो. म्हणून पायांत सपाट चप्पल हवी. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीनच आता उभ्या आहेत. १९११ च्या जुलैत सावरकरांना इथे आणलं गेलं. त्यांच्या कोठडीच्या दारात आपल्याकडच्या बायका पायांतलं काढून उभ्या राहतात. लांबून आलेल्या माणसाला तिथे दहा मिनिटं निवांत मिळायला हवीत. मूल पाणी मागतंय, पाणी हॉटेलात राहिलंय, अशा गडबडीत ती कोठडी पाहू नका. अंधार पडल्यावर तिथेच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्याची तिकिटं आधी काढलेली बरी.

आता मोठ्या बॅगा. देशांतर्गत बहुतेक विमानांत माणशी १५ किलो सामान आत देता येतं आणि ७ किलो हातात. आपला पिढीजात रिवाज असा, की एका बॅगेत सगळ्यांचे कपडे, एकीत खाणं, एकीत ‘लागलं तर’. मग कोणती वस्तू कुठे आहे हे घरात एकटीलाच ठाऊक, आणि पाचही दिवस ती एकटीच बॅगेपुढे उकिडवी. तेव्हा माणशी एक बॅग करा, आणि आठ वर्षांपुढच्या मुलाला त्याची बॅग त्यालाच भरू द्या. तुम्ही फक्त शेवटी नजर टाका. यजमानांनाही हाच नियम. त्यांनी बनियन विसरले तर तिथल्या बाजारात बनियन मिळतात.

कपड्यांत एक गोष्ट कळकळीनं सांगते. समुद्रात पाचवारी नेसून उतरू नका. भिजलेली साडी जड होते, पायांत गुंडाळते, आणि लाटेनं पाय सुटला तर सावरणं कठीण जातं. पाण्यातल्या खेळांना साडीवर बहुधा नेतही नाहीत. गडद रंगाचा, पातळ, चटकन वाळणारा पंजाबी ड्रेस किंवा लांब कुडता आणि घट्ट पँट, असा एकच ‘समुद्राचा जोड’ प्रत्येकीनं ठेवावा आणि रोज तोच वापरावा. संध्याकाळी ज्यानं त्यानं आपला जोड अंघोळीच्या वेळी गोड्या पाण्यातून काढून पिळून टाकायचा. मुलांनासुद्धा हे जमतं. पत्र लिहिणाऱ्या त्या भगिनी बाल्कनीत उभ्या राहिल्या त्या याच कामापायी.

सोनं घरीच ठेवा. लांब मंगळसूत्र लाटेत तुटलं तर वाळूत सापडत नाही. काळ्या पोतीचं छोटं घाला. रेशमी साडी एखादी न्यावीशी वाटली तर न्या, पण खाऱ्या हवेत जर काळी पडते, हे लक्षात असू द्या.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूची. आपल्याकडच्या सहल कंपनीबरोबर गेलात तर वरण-भात, पोळी-भाजी मिळते. स्वतंत्र गेलात तर घरचं थोडं हवंच. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे आणि शहाळी मुबलक. पण पुष्कळसा किराणा नि बराचसा भाजीपाला बोटीनं किंवा विमानानं येतो, म्हणून महाग पडतो. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, तिखटामिठाच्या पुऱ्या, मुगाचे लाडू इतकं पुरे. एक गोष्ट मात्र पुष्कळजणींना माहीत नसते. विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून. खोबऱ्याची वाटी बॅगेत दिसली की बॅग उघडायला लावतात. लोणच्याची बरणी हातातल्या सामानात नको, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून ठेवा. काडेपेटी कुठेच चालत नाही, म्हणजे उदबत्ती नेली तरी ती पेटवायची सोय तिथेच बघावी लागेल. उलट फोनला वीज देणारी ती पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी जणी नव्या समुद्राला आधी हळद-कुंकू वाहून, नारळ देऊन मगच पाय भिजवतात. छान पद्धत आहे. पण नारळ घरून नेऊ नका. हातातल्या सामानात तोही चालत नाही, आणि अंदमानात नारळाला काय तोटा! कुंकवाची पुडी मात्र परत पर्समध्ये ठेवा. तिथे पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा जुन्या साड्यांच्या चार-पाच कापडी पिशव्या शिवून न्याव्यात. ओल्या कपड्यांना, चपलांना, खाऊला, सगळ्याला उपयोगी पडतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉकला किंवा नीलला जाणं होतं. २०१८ पासून ही बेटं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. तिकिटावर हीच नावं दिसतील, गोंधळू नका. हॅवलॉकचा प्रवास दीड ते अडीच तासांचा. समुद्र खवळला तर बोट चांगलीच लागते. डॉक्टरांना विचारून गोळी घरूनच न्या, आणि ती मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यायची. सोबत आलेपाकाच्या वड्या. पोट अगदी रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. मोठं सामान बोटीवर वेगळं ठेवतात, तेव्हा इथेही आपली ती पहिल्या दुपारची पिशवीच हातात हवी. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून फोनचं बरंच सुधारलं आहे. तरी लहान बेटांवर ऐन वेळी तो दगा देतो. तिकिटं कागदावर छापून घ्या, आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, की एखाद्या दिवशी फोन आला नाही तर काळजी करू नका.

काही किनाऱ्यांवर वाळूतली बारीक माशी चावते आणि मग आठवडाभर खाजतं. ओल्या वाळूवर अंग टेकून पडू नका. पायांना डास पळवणारं मलम किंवा खोबरेल तेलाचा जाडसर हात लावा. मगरींचा इशारा देणारा फलक जिथे असेल तिथे गुडघाभर पाण्यातसुद्धा जायचं नाही, मग शेजारचे लोक गेलेले का दिसेनात.

पाळीच्या तारखांबद्दल दोघींनी संकोचत विचारलं आहे. त्यात संकोच कसला! तारीख सहलीत येत असेल तर त्यासाठी दोन पॅकेट जास्त न्या. बेटांवर आपल्याला हवं ते मिळेलच असं नाही. पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीनं घेतल्या म्हणून आपण घेऊ नयेत. रक्तदाब, अर्धशिशी, पायांच्या शिरांचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच परस्पर घेऊ नयेत. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरीणबाईंना भेटा.

परतीसाठी बॅगेत थोडी जागा ठेवा, पण किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे भरण्यासाठी नव्हे. पोवळी आणि कित्येक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. मुलांनी खिशात टाकलेला तुकडासुद्धा विमानतळाच्या तपासणीत निघतो, आणि मग रडारड. देव्हाऱ्यासाठी शंख घ्यायचा असेल किंवा शिंपल्यांचे दागिने, तर ‘सागरिका’ हे सरकारी दुकान आहे, तिथून घ्या. पावती मात्र बॅगेत न टाकता पर्समध्ये ठेवा. तपासणीत तीच दाखवावी लागते.

शेंगदाण्याच्या चटणीत खोबऱ्याऐवजी काय घालावं, असं आता कोणी विचारेलच. भाजलेले तीळ घाला. प्रमाण पुढच्या अंकात देते.