दुसऱ्या दिवसाच्या दोन गोळ्या

प्रति,
संचालक मंडळ,
एमक्युअर फार्मास्युटिकल्स, पुणे



एचआयव्हीची लागण रोखणारं लेनाकापाविर हे इंजेक्शन स्वस्तात बनवण्याचा परवाना गिलियड कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये सहा कंपन्यांना दिला. त्यांत तुम्ही आहात. औषध पुण्याच्या कंपनीत बनणार असलं, तरी त्याची सगळ्यात जास्त निकड ज्यांना आहे त्या मुली डर्बनमध्ये आहेत, कंपालात आहेत. 2022 साली जगभरात दर आठवड्याला पंधरा ते चोवीस वयाच्या सुमारे 4,000 मुलींना एचआयव्हीची लागण होत होती आणि त्यातल्या 3,100 सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या होत्या. तुमचे रसायनतज्ज्ञ आपलं काम चोख करतील, त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. मला बोलायचंय ते पाकिटाबद्दल आणि आत घालायच्या कागदाबद्दल.

2009 ते 2012 या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेत एचआयव्ही रोखणाऱ्या औषधांची ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. पाच हजारांवर स्त्रिया तिच्यात होत्या. कुणाला रोज एक गोळी, कुणाला जेल. घेता ना, असं विचारलं की बहुतेकजणी हो म्हणत. रक्त तपासलं, तर तीस टक्क्यांहून जास्त नमुन्यांत औषध सापडेना, आणि तरुण, अविवाहित मुलींमध्ये तर सगळ्यात कमी. औषधाचा उपयोग दिसलाच नाही. मग सुरू झालं ते नेहमीचं: इतकं समजावूनही या पोरी ऐकत कशा नाहीत! हा सूर मला अजून खटकतो. नंतर संशोधकांनी त्यांतल्याच काही जणींपुढे त्यांच्याच रक्ताचे अहवाल ठेवून पुन्हा विचारलं, तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. गोळ्या पाहून लोक म्हणतील हिलाच झालाय, जोडीदार संशय घेईल, धडधाकट माणसाने रोज औषध का खायचं. यात अडाणीपणा कुठे आहे? लागण कधीतरी होईल किंवा होणारही नाही. घरातलं भांडण मात्र आज रात्रीच होणार, हा हिशेब त्यांनी मांडला होता.

एक वीस वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. क्लिनिकमधून निघालीय, पर्समध्ये प्लास्टिकची बाटली, आत महिन्याच्या गोळ्या. मिनीबस टॅक्सी खड्ड्यात आदळली की गोळ्या खुळखुळतात. शेजारच्या बाईला तो आवाज ओळखू येतो, कारण तिच्याही घरात कुणीतरी एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारावर असतं. म्हणून मुली बाटलीत कापूस कोंबतात, गोळ्या कागदात गुंडाळून नेतात, नाहीतर बाटली घरी नेतच नाहीत. आपल्याकडच्या एआरटी केंद्राबाहेर बाटलीचं लेबल नखाने खरवडणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नवीन नाही.

म्हणूनच लेनाकापाविरच्या ‘पर्पज 1’ चाचणीचा 2024 चा निकाल एवढा मोठा वाटला. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या मुली. सहा महिन्यांतून एकदा लेनाकापाविर घेणाऱ्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची ट्रुवाडा गोळी दिलेल्या 1,068 जणींपैकी 16 जणींना झाली, आणि इथेही बऱ्याच जणींनी गोळी नियमित घेतलेली नव्हती. दिवस गेलेल्या मुलींनाही, त्यांची तयारी असेल तर, चाचणीत राहू दिलं होतं, हे मला त्या निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बाटली गेली खरी, पण पुरती गेली नाही. पहिल्या दिवशी पोटावर किंवा मांडीवर दोन टोचण्या आणि सोबत दोन गोळ्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गोळ्या, आणि त्या सहसा घरी घ्यायच्या. एका रात्रीपुरत्या त्या तिच्याजवळ राहणार. त्या तुम्ही कशात घालून देणार? खुळखुळणाऱ्या बाटलीत दिल्या, तर पहिले पाढे पंचावन्न. साध्या, चपट्या फॉइलमध्ये द्या, वर मोठ्या अक्षरांत रोगाचं नाव नको. हेच औषध उपचारासाठीही वापरतात, त्यामुळे माहितीपत्रक उपचाराचं आणि प्रतिबंधाचं वेगवेगळं असू द्या. ‘तुम्हाला लागण झालेली नाही, म्हणूनच हे औषध दिलं आहे’ हे वाक्य झुलू आणि लुगांडात पहिल्या ओळीत छापा.

दुसरी गोष्ट गाठीची. चाचणीत जवळपास दोनतृतीयांश मुलींना टोचलेल्या जागी कातडीखाली गाठ आली. त्रास बहुतेकींना किरकोळ झाला, गाठीपायी औषध सोडणाऱ्या अगदी मोजक्या. पण डॉक्टरांच्या लेखी किरकोळ असलेली गाठ जोडीदाराच्या हाताला लागतेच. ती येऊ शकते, किती दिवस राहते, कुणी विचारलं तर काय सांगता येईल, हे नर्सने टोचण्याआधी बोलायला हवं आणि त्यासाठीचं साहित्य तुमच्या मालाबरोबर जायला हवं. एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही, हेही त्यात यावं. ते ऐकून एखादी नको म्हणाली, तर तिला गोळी किंवा योनीत बसवायची डॅपिव्हिरिनची रिंग मागता आली पाहिजे. ‘रीच’ अभ्यासात मुलींना गोळी आणि रिंग दोन्ही वापरून पाहू दिल्या आणि मग निवड त्यांच्यावर सोडली. सुमारे दोनतृतीयांश मुलींनी रिंग घेतली. मोठ्यांनी आधीच अंदाज बांधून ठेवायची गरज नव्हती.

किमतीचं थोडक्यात. अमेरिकेत या औषधाची वर्षाची छापील किंमत 28,000 डॉलरच्या वर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांनी 2027 पासून ते वर्षाला 40 डॉलरच्या आसपास देण्याचं सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने आपल्या मदतीतून हे औषध मुख्यतः गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना मिळावं, असं सांगितलं. त्यांना ते मिळायलाच हवं. पण जिला अजून मूल नकोय, तिने काय करायचं? सरकारी मदतीच्या यादीत जी बसत नाही तिच्यापर्यंत औषध पोचायचं, तर ते स्वस्तच हवं, आणि ते तुमच्या हातात आहे.

तेव्हा पाकिटाचा नमुना पक्का करण्याआधी डर्बन आणि कंपालातल्या अशा पंधरावीस मुलींना तो हातात घेऊन बघू द्या. पर्समध्ये टाकून हलवून बघू द्या. त्या नको म्हणाल्या तर बदला. तो खर्च हिशेबात कुठे दाखवायचा, हे तुमच्या लेखा विभागाला ठरवता येईल.

कळावे,
आपली,
एक पुणेकर