अक्षता पडताना चित्र का फुटते?

१९८० आणि १९९० च्या दशकांत झालेल्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी आजही अनेक घरांच्या कपाटांत आहेत. त्या चालवणारी यंत्रे मात्र सहज मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर नवे यंत्र बाजारात दिसणे जवळजवळ बंद झाले. म्हणून आहे ते यंत्र चालते आहे तोवर कॅसेटींवरून डीव्हीडी करून घेण्याकडे लोकांचा कल आहे. कोणी ते काम घरच्या संगणकावर करतो, कोणी शूटिंगवाल्याकडे देतो. हाती आलेल्या डिस्कबद्दलच्या तक्रारी मात्र बहुधा सारख्या असतात. ऐन मोक्याच्या क्षणी चित्र चौकोनांत फुटते, चालणारी माणसे थरथरतात, आवाज ओठांच्या मागे पडत जातो आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे डिस्क चालतच नाही.

पहिला संशय डिस्कवर जातो, दुसरा प्लेअरवर. तो खरा आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. डीव्हीडी आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. डिस्क हलक्या प्रतीची असेल किंवा फार वेगाने लिहिली असेल, तर बिघाड बहुधा बाहेरच्या कडेपाशी, म्हणजे चित्रणाच्या शेवटच्या भागात दिसतो. चित्र गोठते, प्लेअर अडखळतो आणि दुसऱ्या प्लेअरवर कदाचित तोच भाग नीट चालतो. पण प्रत्येक प्लेअरवर त्याच दृश्यात, चित्र न थांबता, चौकोन उमटत असतील तर डिस्कचा दोष नाही. तो एन्कोडिंगचा, म्हणजे चित्रण संकेतबद्ध करून आकाराने लहान करण्याच्या टप्प्यावरचा दोष आहे. नवी डिस्क आणून तीच फाइल पुन्हा लिहिली तर दोषही पुन्हा लिहिला जातो.

चित्रण लहान का करावे लागते, ते आकड्यांवरून कळते. भारतात दूरचित्रवाणीसाठी पाल ही पद्धत आहे. त्या पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. डोळ्याला उजेडाइतके बारकावे रंगात टिपता येत नाहीत, म्हणून रंगाची माहिती आधीच विरळ केलेली असते. लाल शालूच्या कडा डीव्हीडीवर किंचित पसरट दिसतात त्या यामुळे, त्यात डिस्क करणाऱ्याची चूक नसते. एवढे करूनही एका तासाच्या चित्रणाला सुमारे ५६ गिगाबाइट जागा लागेल. नेहमीच्या एकपदरी डिस्कवर जागा असते ४.७ गिगाबाइट. दोन तासांचे चित्रण तिच्यावर बसवायचे तर ते जवळपास चोवीसपट आवळावे लागते.

हे काम एमपेग-२ ही पद्धत करते. तिचा आधार साधा आहे. एका चित्रातले बरेचसे पुढच्या चित्रात जसेच्या तसे राहते. भटजी बसलेले असतात, मागचा पडदा हलत नाही, कोणाचा तरी हात तेवढा पुढे सरकतो. म्हणून एमपेग-२ एक चित्र पूर्ण साठवते आणि त्यानंतरच्या चित्रांसाठी फक्त बदल नोंदवते. पालमध्ये बहुधा १२ ते १५ चित्रांनंतर पुन्हा एक पूर्ण चित्र येते. बदल शोधण्यासाठी चित्राचे १६ बाय १६ बिंदूंचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता ते पाहिले जाते. तो सापडला तर किती सरकला एवढेच लिहून भागते. उरलेल्या फरकातले ठळक तपशील राखले जातात आणि बारीक तपशील गोळाबेरजेत सोडले जातात. किती सोडायचे हे बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च करायला मिळणारे बिट, ठरवतो.

आता मंगलाष्टके संपून अक्षता पडतात तो क्षण घ्या. तांदळाचा प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने आणि वेगळ्या वेगाने उडतो. कुठलाही चौकोन आधीच्या चित्रात जसाच्या तसा सापडत नाही. त्याच वेळी अंतरपाट दूर होतो, मागचे लोक पुढे सरसावतात आणि कॅमेऱ्याचे फ्लॅश उडतात. एका फ्लॅशने संपूर्ण चित्राचा उजेड बदलतो, म्हणजे न हललेला भागही आधीच्या चित्राशी जुळेनासा होतो. एन्कोडरला प्रत्येक चित्र जवळपास नव्याने लिहावे लागते, पण हाताशी बिट मात्र ठरलेलेच असतात. मग तो तपशील सोडत जातो. सोडता सोडता चौकोनात एकच सपाट छटा उरते आणि शेजारच्या चौकोनाशी तिचा सांधा उघडा पडतो. आपल्याला चित्र फुटलेले दिसते ते हेच. समारंभातला सर्वांत मोलाचा क्षण एन्कोडिंगसाठी सर्वांत अवघड असतो, आणि हा योगायोग जवळजवळ प्रत्येक लग्नात घडतो.

म्हणून पहिला हिशेब बिटांचा करायला हवा. डीव्हीडीच्या नियमांनुसार चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट देता येतात, आणि आवाज धरून सगळे मिळून १०.०८. पूर्ण डिस्कवर एकच तास ठेवला तर जागा ही मर्यादा गाठण्याइतकी असते. दोन तासांना सरासरी ५.२ मेगाबिट मिळतात, तीन तासांना ३.५ आणि चार तासांना अवघे २.६. दोन तासांपर्यंतचे लग्न चांगले दिसते, तिसऱ्या तासाला ओढाताण सुरू होते आणि चार तासांत अक्षतांचे दृश्य फुटणार हे जवळजवळ ठरलेले असते. अनेक प्रोग्राम ‘डिस्कमध्ये बसवा’ असा पर्याय देतात. तो निवडला की चित्रण कितीही लांब असले तरी डिस्क तयार होते, फक्त बिटरेट काही न सांगता खाली आणलेला असतो. एफएफएमपेग या मोफत साधनात पाल डीव्हीडीसाठी तयार मांडणी आहे. तिच्यात चित्राला ६ मेगाबिट धरलेले आहेत, त्यामुळे सुमारे दीड तासाच्या वर चित्रण मावत नाही. मावत नाही असे स्पष्ट कळणे हे गुपचूप बसवून देण्यापेक्षा चांगले.

या हिशेबात आवाजाकडे सहसा दुर्लक्ष होते. न आवळलेला पीसीएम आवाज सेकंदाला दीड मेगाबिट खातो. दोन तासांच्या डिस्कवर तो ठेवला तर तीस टक्क्यांच्या आसपास जागा त्यातच जाते. डॉल्बी डिजिटल पद्धतीने तोच आवाज १९२ ते २५६ किलोबिटमध्ये बसतो, आणि कार्यालयातल्या गोंगाटात कॅमेऱ्यावरच्या माइकने टिपलेल्या आवाजात त्याने ऐकू येण्यासारखा फरक पडत नाही. वाचलेले बिट चित्राकडे वळवावेत. तेही बदलता बिटरेट आणि दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग निवडून. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळे चित्रण नुसते तपासतो आणि दुसऱ्या फेरीत आहेराच्या संथ रांगेतून वाचवलेले बिट अक्षतांकडे देतो. याला वेळ दुपटीच्या जवळ लागतो आणि तो द्यावा. कमाल बिटरेट मात्र ८ मेगाबिटच्या आसपास थांबवावा, कारण घरी लिहिलेली डिस्क मर्यादेच्या अगदी टोकाला वाचताना बरेच प्लेअर अडखळतात.

कॅसेटीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. व्हीएचएसच्या चित्रात सतत बारीक दाणे वळवळत असतात आणि एन्कोडरच्या दृष्टीने तीही हालचालच असते. रिकामी भिंतसुद्धा बिट खाऊ लागते. एन्कोडिंगच्या आधी हलक्या हाताने ही वळवळ कमी केली तर त्याच बिटरेटवर चित्र कितीतरी स्थिर दिसते. मुळात व्हीएचएसवर आडवा तपशील सुमारे २४० रेषांचाच असतो, त्यामुळे ७२० बिंदूंची रुंदी तिला गरजेपेक्षा मोठी होते. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ हा आकारही बसतो. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर ठेवायचीच असेल तर हा आकार घेणे शहाणपणाचे. बिंदू निम्मे होतात, प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारे बिट दुप्पट होतात आणि कॅसेटीतले फारसे काही हरवत नाही.

माणसे थरथरतात त्याचे कारण वेगळे आहे, आणि तिथे बिटरेट वाढवून काहीही साधत नाही. जुने कॅमेरे एक चित्र दोन हप्त्यांत टिपत: आधी एका आड एक अशा ओळी, मग उरलेल्या. अशा प्रत्येक अर्धचित्राला फील्ड म्हणतात आणि सेकंदाला ५० फील्ड येतात. त्यांचा क्रम चुकला तर आधी घडलेली हालचाल नंतर दिसते आणि नंतरची आधी. माणूस दर पावलाला पुढे-मागे होत असल्यासारखा दिसतो, तर स्थिर दृश्य मात्र निर्दोष असते. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात खालचे फील्ड आधी येते, तर कॅसेटीवरून पकडलेल्या चित्रणात बहुधा वरचे. ही एक निवड एन्कोडरमध्ये बदलून दोन मिनिटांचा तुकडा टीव्हीवर पाहिला की उलगडा होतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र हाच माल कंगव्याच्या दातांसारखा दिसतो आणि लोक घाबरून फील्ड एकत्र करून टाकतात. टीव्हीवर चालवायच्या डिस्कसाठी ते करू नये. त्याने हालचालीतला निम्मा सफाईदारपणा कायमचा जातो.

आवाज मागे पडत असेल तर तो कसा पडतो हे आधी पाहावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच मागे असेल तर संपादनाच्या प्रोग्राममध्ये तो तितकाच पुढे सरकवला की झाले. सुरुवातीला जुळलेला आणि शेवटी सुटलेला असेल तर मूळ दोष पकडण्याच्या, म्हणजे कॅप्चरच्या वेळचा आहे. संगणक मंद असेल किंवा कॅसेट खराब असेल तर काही चित्रे गळतात. हजारात एक चित्र गळले आणि त्याची भरपाई झाली नाही, तर एका तासात ९० चित्रे जातात आणि आवाज साडेतीन सेकंदांहून अधिक सुटतो. अशा वेळी एन्कोडरशी झगडण्यापेक्षा कॅसेट पुन्हा पकडणे हाच उपाय. मोबाइलवरच्या चित्रणात हाच त्रास दुसऱ्या वाटेने येतो. मोबाइल उजेडानुसार आणि कामाच्या ताणानुसार सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या बदलत राहतो, डीव्हीडीला ती ठाम लागते. म्हणून असे चित्रण आधी एकाच ठरलेल्या गतीवर आणावे आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा.

परदेशात न चालणाऱ्या डिस्कबद्दल एक गैरसमज आहे. भारताचा विभाग ५ आणि अमेरिकेचा १, म्हणून डिस्क अडते असे समजले जाते. घरी केलेल्या डिस्कवर असे विभागाचे कुलूप नसतेच. अडते ती पाल पद्धत. अमेरिकेतले बरेच प्लेअर फक्त एनटीएससी जाणतात, ज्यात ७२० बाय ४८० बिंदूंची चित्रे सेकंदाला २९.९७ या गतीने येतात. न्यू जर्सीतल्या मुलीसाठी डिस्क करायची तर ती वेगळी, मूळ कॅप्चरवरून, एनटीएससीत करावी. तयार पाल डीव्हीडीवरून केली तर आधीच सोडलेल्या तपशिलांतून पुन्हा तपशील सोडले जातात.

इथे आम्हाला जे म्हणायचे आहे ते येते. एका डिस्कची किंमत वाचवण्यासाठी चार तासांचे लग्न एकाच डिस्कवर कोंबण्याची प्रथा सोडायला हवी. शूटिंगवाल्याने दोन डिस्क द्याव्यात आणि ग्राहकानेही दुसरीचे पैसे खळखळ न करता द्यावेत. त्याहून मोठे नुकसान मात्र डीव्हीडी हाती आली की कॅसेट आणि कॅप्चर टाकून देण्याने होते. डीव्हीडी ही पाहण्यासाठी केलेली, तपशील कमी केलेली प्रत आहे. मूळ म्हणून ती जपता येत नाही, आणि तिच्यात चुकलेला फील्डचा क्रम किंवा फुटलेले चौकोन तिच्यातूनच दुरुस्त करण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. डीव्ही स्वरूपातल्या कॅप्चरला तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात, म्हणजे चार तासांच्या लग्नाला ५२. आजच्या हार्ड डिस्कवर ही जागा काहीच नाही. म्हणून काम देतानाच, डीव्हीडीबरोबर कॅप्चरच्या फाइल आपण दिलेल्या हार्ड डिस्कवर हव्यात असे सांगावे, आणि त्या उघडून शेवटच्या मिनिटापर्यंत आवाज जुळतो हे पाहिल्याशिवाय कॅसेट टाकू नये.